जेवणाच्या सुटीनंतरचा फॉल्ट

राजूरच्या रस्त्यावरच्या दालमिलीत त्या चैत्रात बद्रीनाथ वायरमनला कुणीतरी खाजकुयली लावल्यागत झालं होतं. बसला की उठे, उठला की भिरभिरे. सकाळी मोटार बराबर चाले. जेवणाची सुटी संपून बटन दाबलं, की मोटारीला वीज मोजून देणारा ड्राइव्ह खटकन बंद आणि त्याच्या पडद्यावर लाल अक्षरं: ग्राउंड फॉल्ट. म्हणजे वीज आपली वाट सोडून कुठंतरी जमिनीत पळून राह्यली.

"आज बंद पडली," भागचंदशेठ म्हणाले, "तर अंबडहून तातेरावला बोलावतो. मंग तू घरीच बस."

तातेराव! ज्याला बल्ब बदलायला बायको वाट दाखवते, असं बद्रीनाथानंच गावोगाव सांगितलं होतं. आणि स्वतःचं काय, तर धावड्याला म्हणे यानं जळकी मोटार नुसती हुंगली आणि मालकाकडं रात्री वांगी झाली होती तेसुद्धा सांगितलं.

काल त्यानं मोटारीच्या वायरी सोडून ड्राइव्ह मोकळा चालवला होता. ड्राइव्ह ठणठणीत. मंग वायरींना गळती मोजायचं मेगर लावलं, तर पुढं कुठंतरी गळती. पण चहा पिऊन, केबल वेगळी करून पुन्हा मेगर लावेस्तोवर केबलही चांगली, मोटारही चांगली. तापल्या मोटारीनं सगळा पुरावाच गिळला होता.

म्हणून आज सुटी झाली, तसा तो भाकरीला हात न लावता तुरीच्या पोत्यांमागं दडला. नाकात भुसा, पोटात कावळे.

तेवढ्यात झाडलोट करणारी कौसल्या आली. हातात पाणी गळणारं गोणपाट. ते तिनं मोटारीवर, नेमकं तडकल्या झाकणाच्या वायरींच्या डब्यावर पांघरलं आणि थोपटलं, "नीज गं बाई."

"वैनी!" बद्रीनाथ शिंकतच बाहेर आला. "हे काय करून राह्यल्या?"

"तुम्हीच न्हाई का म्हणलं, बद्रीभाऊ? मोटार म्हणजे शेठची म्हैस, ऊन लागलं की आटती. मंग रोज टाकते, अन् सुटी संपायच्या आत काढून घेते."

मागं बडीशेप चघळत शेठ उभे. "कुणी म्हणलं होतं?"

कौसल्यानं सरळ बोट दाखवलं. पण बद्रीनाथाची जीभ काही वाळली न्हाई. "शेठ, फॉल्ट सापडला का न्हाई? तातेरावाला म्हशीची भाषा तरी येते का?"

शेठच्या तोंडातली बडीशेप हसण्यानं उडाली. "डबा उघड. जल्दी."

डब्यात ओंजळभर पाणी. पुसलं, गरम हवेनं वाळवलं, नवं झाकण रबरासकट बसवलं, मेगर बघितलं, वायरी जोडल्या. बटन दाबताना बद्रीनाथानं डोळे मिटले. मोटार घुमली.

"तातेरावचं राहू दे," शेठ म्हणाले. "पण एक झाकण तुझ्या तोंडालाही बसव."

ते काही बसलं न्हाई. राजूरच्या बाजारात बद्रीनाथ सांगत होता, डब्यातून दोन घागरी पाणी निघालं अन् त्यात मासा. गर्दीत तातेराव होता. त्यानं म्हणे एवढंच विचारलं, "मरळ होता का?"