प्रेरणाचा नेम

"आमच्या प्रेरणाला अंडं चालत नाही," हे माझी बहीण अनघा इतकं गोड हसून सांगायची, की ऐकणाऱ्याला वाटावं पोरीनं कुठल्या देवाचा नेम धरलाय. नेम कसला आलाय डोंबलाचा! लहान असताना दिग्रसला शेजारच्या वाढदिवसाचा केक पोटात गेला आणि पोरीचा घसा बंद होत आला. ओठ सुजले, नखं निळी पडली. डॉक्टरांनी वाचवली आणि बजावलं, अंड्याचा कणही जाऊ देऊ नका, पुढच्या वेळी वाचेलच असं नाही. तेव्हापासून तिच्यासोबत इंजेक्शन असतं. आता तर पेनासारखं मिळतं, ते पर्समध्येच असतं.

आता हे चारचौघांत सांगायला काय हरकत होती? पण अनघाचं एकच पालुपद. पोरीची जात, उद्या सोयरीक करायची, असलं काही कळलं तर कोण करून नेईल? आणि "चालत नाही" म्हटलं की आपल्याकडं कोणी पुढं विचारत नाही. कोणाला कांदा-लसूण चालत नाही, कोणाला चातुर्मासात वांगं. केकसुद्धा बिनअंड्याचा मिळतो. म्हणून निभलं. प्रेरणालाही तेवढंच वाक्य पाठ झालं होतं. अ‍ॅलर्जी हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मग चारुदत्तचं स्थळ आलं. मुलगा यवतमाळचा, नोकरी जर्मनीत. साक्षगंधाला त्याची आई भारावून म्हणाली, आजकाल अशा पोरी कुठं मिळतात, अंड्याला शिवतसुद्धा नाही! अनघा फुलून गेली. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, बाई, तिकडं अंडं शाकाहारातच धरतात. हॉटेलात गेली तर हिला कोण जपेल? निदान नवऱ्याला तरी सांग. तर म्हणे, लग्न होऊ दे. लग्न झालं, तर म्हणे, विमानात बसू दे. पोरीला विचारलं, तर ती खाली मान घालून म्हणाली, आईनं शपथ घातली आहे, मावशी. माझं डोकंच फिरलं.

विमान हैदराबादहून होतं. पांढरकवड्यापर्यंत आम्ही सगळे पोचवायला गेलो. हायवेवरच्या एका ढाब्यावर सोबत जेवायचं, तिथून ती दोघं पुढं आणि आम्ही माघारी, असं ठरलं होतं. जेवण सांगून झालं आणि चारुदत्त रंगात आला. पोरगा मनानं चांगला, पण बोलायला लागला की थांबत नाही. तिकडं म्हणे त्यांच्या मित्रमंडळात नवीन येणाऱ्याला बाटवायची पद्धत आहे. पहिल्या पार्टीत अंड्याचा केक द्यायचा, सांगायचं मात्र खाऊन झाल्यावर. त्यालाही तसंच बाटवलं होतं. इंद्रजीत नावाच्या मित्राची बायको प्रियंका तर खूप रडली, पण आता दर रविवारी स्वतः आम्लेट करते.

"माझ्या सुनेचा नेम मोडू नको हं," त्याची आई म्हणाली, पण तीही हसतच होती.

माझ्या अंगावर काटा आला. प्रेरणा पर्स घट्ट धरून बसली होती. टेबलाखाली अनघानं तिचा गुडघा दाबून धरला होता. मी बाजूलाच होते, मला सगळं दिसत होतं. प्रेरणानं आईकडं पाहिलं, तिचा हात धरला आणि हळूच बाजूला केला.

"माझा काही नेम नाही," ती म्हणाली. "मला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे. तुम्ही न सांगता केक खाऊ घातला असता, तर मी मेले असते."

आणि तिनं ते इंजेक्शन काढून पाण्याच्या जगाशेजारी ठेवलं.

विहीणबाईंचं हसू विरलं. त्यांनी अनघाला एवढंच विचारलं, की अजून काय काय लपवलंत. चारुदत्त उठला आणि बाहेर निघून गेला. ट्रकांच्या रांगेत तो फोन कानाला लावून फेऱ्या मारत होता. मला वाटलं, संपलं, आता पोरगी आमच्यासोबत माघारी येते. ताटं आली, पण कोणी घासाला हात लावला नाही.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"इंद्रजीतला फोन केला," तो म्हणाला. "हिच्यासाठी परवाच्या पार्टीचा केक सांगून ठेवला होता मी. तो नको म्हटलं."

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. अनघा हमसून हमसून रडायला लागली. तिला गप्प कर असं मला कोणी सांगितलं नाही आणि मीही केलं नाही. रडू दे, म्हटलं, या रडण्याला फार उशीर झालाय.

चारुदत्तनं प्रेरणाला विचारलं, हे कुठं टोचायचं. तिनं त्याचा हात धरला आणि सगळ्या मोठ्यांसमोर आपल्या मांडीवर बाहेरच्या बाजूला ठेवला. इथं, ती म्हणाली, कपड्यावरूनच, जोरात. त्यानं मान हलवली. मग त्यानं तिला अंड्याच्या अ‍ॅलर्जीचं एक वाक्य जर्मनमध्ये शिकवायला घेतलं. अडखळत, चुकत, पण ती म्हणत राहिली. गाडी सुटली तेव्हाही काचेआड तिचे ओठ हलत होते. विहीणबाई परतीच्या वाटेवर अनघाशी बोलल्या नाहीत. अजूनही धड बोलत नाहीत.

पुढच्या आठवड्यात अनघा माझ्याकडं आली. तिकडं पहिल्यांदा हॉटेलात जेवायला गेले, तेव्हाचा आवाज चारुदत्तनं तिच्या मोबाइलवर भरून पाठवला होता. ताटल्यांची खणखण, त्यातून प्रेरणा ते वाक्य स्पष्ट म्हणतेय. मग एक माणूस काहीतरी विचारतो, ती तेच पुन्हा म्हणते, तो आत जातो, परत येतो आणि बराच वेळ काही समजावतो. आम्हाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. खाली चारुदत्तनं लिहिलं होतं की शाकाहारी म्हणून लिहिलेल्या शेवयांचं पीठच अंड्यात मळलं होतं आणि बाकी सगळं त्याच भांड्यांत शिजत होतं. म्हणून दोघं तिथं काहीच न खाता घरी आली.

अनघानं ते पुन्हा लावलं, मग पुन्हा. डोळे पुसत मला म्हणाली, "मंजू, उपाशी आली गं माझी पोरगी घरी."

लेक उपाशी राहिली म्हणून आनंदानं रडणारी आई मी पहिल्यांदाच पाहिली.