पिठाचा मोतीराम

माझ्या नवऱ्याचं तेरावं झालं तेव्हा तो अंदमानात झाडं तोडत होता. हे साऱ्या गावाला माहीत होतं, पंगतीला बसलेल्यांनाही. तरी कोणाच्या घशात घास अडकला नाही.

वऱ्हाड नागपूरच्या राज्याला जोडलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. विहिरीच्या पाळीवरून भांडण पेटलं आणि मोतीरामनं समोरच्याच्या डोक्यात फावडं घातलं. माणूस जागीच गेला. मोतीराम तापट होता, मी कशाला झाकू? कोर्टानं जन्मठेप दिली, काळं पाणी. समुद्र ओलांडला की माणूस जातीतून गेला, आणि त्याला आपला म्हणणारं घरही त्याच्यामागे गेलं. आम्ही बारी, पानवेली लावणारी जात; आमच्या पंचांचे म्होरके शेषराव. ते सासूला म्हणाले, "मनकर्णाबाई, त्याले मेला समज. नाहीतर उद्या तुह्या पोरीले कोन करन?"

पोर म्हणजे माझी नणंद सत्यभामा. ती तेव्हा अंगणात मातीत खेळत होती. सासूनं कणीक मळली, तिचा हातभर मोतीराम केला, आणि शेषरावांनी तो नदीकाठी जाळला. माझ्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. मी विशीतही नव्हते.

मग मला पानमळाच उरला. ज्यांनी तो पाहिला नाही ते म्हणतात, वा, किती गार! चारी बाजूंनी गवताच्या ताट्या, वर शेवरीची दाट सावली, आत ओल आणि अंधार. पायात जोडा घालून जायचं नाही. गार आहे खरं, पण दिवसभर पानं खुडणारीला विचारा. पाट लावायला दोन स्थळं आली, दोन्ही मी हाकलली. नवरा जिवंत असताना कोणाच्या घरी जाऊ? असं दहा वर्षं चाललं.

एका सकाळी कोतवाल आला आणि दारातूनच ओरडला, "कोकिळाबाई, तुह्या मालकानं तुले बोलावलं! सरकारनं त्याले तिकडं घर देल्लं, जमीन देल्ली. पानवेल लावली म्हन्ते त्यानं. बायकोले सरकारी खर्चानं नेतात. तू हाव म्हन फक्त, तालुक्याले, जळगावले तहसीलदारापुढं."

सासू आतून धावत आली, "जिता हाय?" म्हणाली आणि ऊर फुटेस्तोवर रडली. रडणं संपलं, तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि माझ्याकडे पाहायचं टाळून बोलली, "सत्यभामाचं लगीन महिन्यावर आलं वं."

लग्न वरवट बकाल गावात, शेषरावांच्या पुतण्याशी ठरलेलं. मोतीराम जिवंत म्हटला तर जाळला कोण? आणि पंचांनी आपलीच थुंकी कशी चाटायची? सगळं मला दिसत होतं. पण मला जायचं होतं. काळं पाणी का हिरवं पाणी, मला काय त्याचं? तिथं माझ्या नावानं कोणीतरी वेल लावून बसला होता.

जळगावला आम्ही तिघं गेलो. मी, सासू, आणि न बोलावता आलेले शेषराव.

तहसीलदार तरुण होता, पुण्याकडचा. त्यानं मला विचारलं, "तू मोतीरामची बायको?"

"हाव."

"घरच्यांनी ओळख पटवायला हवी. कोणीही बाई उठून जहाजात बसेल, तसं चालत नाही."

शेषराव पुढे झाले. "साहेब, मोतीराम मेला. आमी सोताच जाळला."

"कसा जाळलात? तो तर तिकडे शेती करतोय!"

कारकून खो खो हसले. तहसीलदार मात्र हसला नाही. तो सासूकडे वळला. "बाई, तुम्ही आई. मुलगा आहे की नाही, आणि ही त्याची बायको की नाही, एवढंच सांगा."

मी तिचं मनगट धरलं. "आत्याबाई, एक डाव बोला. मी काही मागत नाही, फक्त बोला."

शेषराव खाकरले.

"मले पोरगाच नाही, साहेब," ती म्हणाली. "मंग बायको कुठची?"

तहसीलदारानं कपाळाला हात लावला. "ठीक आहे. घरचे ओळख देत नाहीत, तर कळवा तिकडे, बायको हयात नाही."

"काऊन नाही?" मी ओरडले. "हे काय समोर उभी हाय! मेली म्हनून काऊन लिहिता?"

शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. एका म्हाताऱ्या कारकुनाला दया आली. तो मागोमाग येऊन म्हणाला, "रडू नका बाई. तिथं बंदिवान बायका असतात. तुम्ही हयात नाही असं कळलं की त्याला लग्नाची परवानगी मिळते. त्याचं अडणार नाही." धीर द्यायला आला होता बिचारा.

येताना वाटेत मी एकच विचार करत होते. मी मेले हे त्याला कळलं तर तोही कणकेची कोकिळा करेल का? करेल. माझा मोतीराम करेल. आणि जाळताना रडेल. त्याला कोणी सांगायला नाही, की अरे वेड्या, ती जळगावच्या रस्त्यानं चालत चालली आहे.

लग्न थाटात झालं. मी मागच्या दारी भाकरी थापल्या. पांढऱ्या कपाळाच्या बाईला मांडवात काय काम?

वरात गेल्यावर सासू पानमळ्यात आली. मी पानं खुडत होते. तिनं पदराची गाठ सोडली. आत माझे काळे मणी होते, पिठाचा मोतीराम जाळला त्या दिवशी तोडलेले. नव्या दोऱ्यात ओवले होते. सोबत कुंकवाची पुडी.

"मळ्यात घालत जाय," ती म्हणाली. "आत कोन पाहून राह्यलं?"

तिच्या तोंडावर फेकून मारावंसं वाटलं. तशी मी गप्प बसणारी नाही. पण तिचे डोळे सुजले होते, आणि दहा वर्षं हे मणी तिनं कुठं लपवले असतील, हा विचार मनात आला. मी मणी घातले. कुंकू तिनंच लावलं.

तेव्हापासून रोज असंच. सकाळी ताटीच्या आत पाय टाकला की मी मोतीरामची बायको. संध्याकाळी मणी काढून शेवरीच्या बेचक्यात ठेवायचे. मग सासू दारात मला अडवते, पदराचं टोक थुंकीनं ओलं करते आणि माझं कपाळ पुसते.

"थांब वं, थोडं राह्यलं," म्हणते, आणि पुन्हा घासते.