एका तारेवर तीन डॉक्टर

मला जुना म्हणा, कळकट म्हणा, पण निरुपयोगी म्हणाल तर खबरदार! मित्रांनो, मी कतारमधल्या दोहा शहरातल्या एका रुग्णालयातला टेबलावरचा टेलिफोन आहे. कारखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. आता पिवळा पडलोय, आणि माझा चारचा आकडा दाबायला जोर लागतो.

माझी मालकीण नाशिकची नर्स नमिता. उपचारामुळेच ज्यांना भलतं दुखणं जडतं, त्यांच्यासाठी वेगवेगळ्या विभागांचे डॉक्टर एकत्र आणणं हे तिचं काम. असे रोगी विरळा, म्हणून जो तो विभाग त्यांना दुसऱ्याकडे ढकलतो. याचा मला फार राग येतो.

फुटबॉलच्या विश्वचषकासाठी शहर खणून ठेवलं होतं तेव्हाची गोष्ट. अल थुमामा वस्तीत राहणाऱ्या रत्नागिरीच्या सुरय्याकाकींना कॅन्सरचं नवं औषध चालू होतं. पापणी लोंबू लागली, तर डोळ्यांच्या विभागाने पुढच्या आठवड्याची तारीख दिली. दम लागू लागला, तर हृदयविभागाने त्याहून पुढची. आणि कॅन्सरविभागाने फोनवर "कशा आहात?" विचारलं, की काकी म्हणायच्या, "अल्लाचा शुकर, बरी हाय." झालं, तब्येत ठीक समजून तिकडे फोन ठेवायचे! अहो, आमच्या काकी कितीही दुखलं तरी आधी शुकरच म्हणणार.

नमिताने मात्र माझ्यावरून वेगळंच विचारलं, "काकी, ओढणी डोक्यावर तुम्हीच घेता ना?"

काकींच्या आधी लेक मरियम बोलली, "मीच घालते, ताई. शी कान्ट लिफ्ट हर आर्म्स."

नमिता ताडकन उठली. पापणी, हात, दम, सगळं एकाच औषधाचं असणार! रोगाशी लढायला औषधाने जागी केलेली शरीराची शक्ती काकींच्याच स्नायूंवर उलटली होती. हृदयही त्यातून सुटलं नसेल, तर उशीर म्हणजे मरण. तिने आधी ॲम्ब्युलन्स धाडली. मग माझ्यावरून एकेका डॉक्टरला गाठून तिघांनाही एकाच तारेवर बांधलं.

"सिस्टर, ही माझी पेशंट नाही," एकाने सुरुवात केली.

"कोणाची ते ठरेपर्यंत कोणीही फोन ठेवणार नाही," नमिता म्हणाली.

मीही हट्टाने तार धरून ठेवली. अखेर कॅन्सरविभागाचे डॉक्टर अरुणकुमार म्हणाले, "माझी. औषध आजच बंद. हृदयाची तपासणी आल्या आल्या करा."

हृदयाला सूज होतीच. कित्येक आठवडे झगडून काकी घरी गेल्या. एक पापणी अजून जराशी झुकते.

आता विश्वचषकाचे पाहुणे येणार म्हणून टेबलं चकाचक हवीत आणि मी अडगळीत, असं साहेब म्हणतात. खुशाल टाका! पण माझ्या जागी जो येईल, त्याच्यावर बोलणाऱ्यांना एवढं बजावा: आजाऱ्याला "कसे आहात" विचारून मोकळं होऊ नका. घास गिळवतो का, केस विंचरायला हात वर जातो का, ते विचारा. आणि खरं उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवू नका.