निखाऱ्यांची मालकीण

नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या मराठी मंडळींचा उन्हाळ्यात कुठे बेत ठरला, की चिमटा आपोआप अंबरीशच्या हातात यायचा. पिशवीतला कोळसा, तो पेटवायच्या पांढऱ्या वड्या, दह्या-मसाल्यात मुरवलेलं चिकन. बघता बघता पहिला तुकडा ताटात. "अंबरीश, तुझ्या हाताला चव आहे रे," असं कुणी म्हणालं, की त्याला ते आठवडाभर पुरायचं. त्याची बायको सुमेधा वाईची, जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेली. ती बाजूला कणसं भाजायची आणि पोरांना वाटायची.

२००६च्या जूनमध्ये हेक्टरनं दोघांना घरी बोलावलं. हेक्टर अंबरीशच्याच ऑफिसातला. साठीकडे झुकलेला, मूळचा अर्जेंटिनाचा. बायको डच, घर गावाबाहेर आणि मागे ऐसपैस अंगण. "आज तुम्हाला आमचा असादो खायला घालतो," तो म्हणाला. त्याची रीतच वेगळी. एका कडेला लाकडं जाळायची, त्यांचे निखारे झाले की फावड्यानं ओढून जाळीखाली पसरायचे, आणि जाळीवर नुसतं मीठ चोळलेली कोकराची तंगडी. मसाला नाही, घाईही नाही.

अंबरीशला राहवेना. "थोडं तेल शिंपडलं तर भडकन पेट घेईल."

"भडकायलाच तर नकोय," हेक्टर म्हणाला आणि हसला.

सुमेधा मात्र खुर्ची ओढून आगीजवळ जाऊन बसली होती. लहानपणी अंघोळीचा बंब पेटवायचं काम तिचं असे, आणि ते तिला फार आवडे. ती निखारे न्याहाळत राहिली. मग जाळीवर तळवा धरून म्हणाली, "या बाजूला धग जास्त आहे. इथले थोडे काढायचे का?"

हेक्टरनं आपला हात धरून पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि फावडं तिच्या हातात दिलं.

जेवायला बसल्यावर हेक्टर उभा राहिला. आगीशी राबलेल्या माणसासाठी त्यांच्याकडे टाळ्या वाजवतात म्हणे. सगळ्यांनी सुमेधासाठी टाळ्या वाजवल्या. तिच्या पानात बटाटे आणि भाजलेल्या मिरच्या होत्या. मांसाला तिनं जीभही लावली नव्हती. अंबरीशनंही टाळ्या वाजवल्या, पण सगळ्यांच्या आधी थांबवल्या.

मग ते दर शनिवारचंच झालं. सुमेधा सायकल काढून हेक्टरकडे जायची आणि धुराचा वास घेऊन परतायची. "चरबीचा आवाज ऐकायचा असतो, माहितीये? मंद चुरचुर हवी. चर्र झालं की समजावं, धग जास्त झाली." अंबरीश टीव्हीवरची नजर न काढता "हं" म्हणायचा. हेक्टरवर संशय घ्यावा, तर तो तिला लेकीसारखं वागवायचा आणि त्याची बायको सोबतच असायची. संशयाला जागा असती तर एक वेळ बरं झालं असतं. निदान आपल्या जळण्याला सांगण्यासारखं कारण तरी मिळालं असतं.

ऑगस्टमध्ये हेक्टर बायकोसह भावाला भेटायला अर्जेंटिनाला निघाला. जाताना घराच्या आणि अंगणाच्या फाटकाच्या किल्ल्या त्यानं दिल्या त्या सुमेधाच्या हातात. "तुमच्या मंडळींना बोलाव. आग तुझीच आहे."

पुष्कर म्हणजे अंबरीशचा पुण्यापासूनचा मित्र. त्यानं ऐकल्याबरोबर जाहीर करून टाकलं, "या वेळी सुमेधावहिनींचा असादो! अंबरीश, तुला सुट्टी."

थट्टाच होती, पण ती अंबरीशला बोचली.

त्या रविवारी सुमेधानं सकाळीच लाकडं पेटवली. तुर्की खाटकाकडून आणलेल्या दोन मोठ्या तंगड्या जाळीवर चढल्या. मंडळी जमली, गप्पा रंगल्या. दुपार कलली तसा पुष्कर पोट चोळत म्हणाला, "वहिनी, आज जेवायला मिळणार ना?"

"अजून तासभर. घाई केली तर आतून कच्चं राहील," असं सांगून ती कोशिंबीर करायला आत गेली.

आगीपाशी अंबरीश एकटाच उरला. त्यानं फावडं उचललं. मंडळी भुकेली आहेत, आपण मदतच करतोय, असं त्यानं स्वतःला बजावलं. पण निखाऱ्यांचं पहिलं फावडं जाळीखाली रिकामं करताच चरबी चर्र वाजली, आणि तरीही त्यानं दुसरं भरून ओतलं, तेव्हा आपण काय करतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. फावडं जागेवर ठेवून तो पोरांमध्ये जाऊन चेंडू खेळू लागला.

सुमेधा बाहेर आली तोवर ज्वाळा जाळीच्या वर आल्या होत्या. हातातलं भांडं तिथंच टाकून ती धावली, निखारे बाजूला ओढले, तंगड्या उतरवल्या. बाहेरून कोळसा, आतून रक्त. तिनं निखाऱ्यांच्या वाढलेल्या ढिगाकडे पाहिलं, मग वळून अंबरीशकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली.

"काय झालं वहिनी?" पुष्करनं विचारलं.

"माझा अंदाज चुकला," ती म्हणाली.

करपलेलं कापून टाकून, आतलं पुन्हा भाजून, जे हाती लागलं ते तिनं वाढलं. "शेवटी आपलं अंबरीशचं चिकनच बरं," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. हेच वाक्य ऐकायला तो दोन महिने तडफडला होता. आता ते कानात शिशासारखं उतरलं.

घरी येऊन दार लावल्यावर सुमेधानं विचारलं, "का केलंस?"

"तुला कळलं?"

"निखारे आपल्या पायांनी चालत जातात का, अंबरीश? मी ते मांस खातसुद्धा नाही. तुझ्या ताटातलं मी काय काढून घेतलं होतं?"

त्यानं बूट काढून कडेला ठेवले. मग म्हणाला, "सगळे तुझ्याकडे बघत होते. माझ्याकडे कुणी बघेना. मला सहन झालं नाही."

"मग मला सांगायचंस."

"लाज वाटली."

"आणि मी सगळ्यांसमोर खाली मान घातली, त्याची?"

तिनं झोपायच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुष्करला फोन लावला. मधे तीनदा अडखळला, पण निखारे आपण ओतले हे सांगून टाकलं, आणि सगळ्यांना सांग असंही म्हणाला. पुष्कर आधी हसला. मग, "वहिनींची माफी मागितलीस का?" एवढंच त्यानं विचारलं.

माफी त्यानं मागितली होती. सुमेधानं "बरं" म्हटलं होतं, त्याहून एक शब्द जास्त नाही.

सप्टेंबरात हेक्टर परतला, आणि पहिल्याच शनिवारी ती निघाली. अंबरीशनं तिच्या सायकलमध्ये हवा भरून दिली. पोटात अजून दुखत होतंच.

"अजून जळतोयस?" तिनं विचारलं.

"हो," तो म्हणाला.

"कमी झालं की तूही ये तिकडे," ती म्हणाली, आणि पायडल मारून निघून गेली.