अखजीची चोळी

सोजरबाईंनी कोर्टाने चौकशीला नेमलेल्या कमिशनर वकिलाला खुर्ची दिली, चहा विचारला नाही. कोर्टाचा माणूस पाहुणा नव्हे.

सिंधीपुऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोल्या खाली करण्याचा हुकूम होऊन दोन वर्षे लोटली, तरी भाडेकरू दिगंबर तिथेच होता. हुकुमानंतर राहिल्याची भरपाई महिना आठ रुपयांच्या जुन्या भाड्याने द्यायची की आजच्या दराने, एवढेच आता ठरायचे होते. फाळणीनंतर सिंधमधली कुटुंबे बऱ्हाणपुरात उतरली आणि घरांचे भाव आभाळाला भिडले. आजचा दर लागला तर दिगंबर मुकाट बिऱ्हाड हलवणार होता. जुना लागला तर कशाला हलेल? सोजरबाई मागच्या एका खोलीत राहत. त्यांची विधवा लेक विमल तीन लेकरांसह शाहपुरात दिराच्या गोठ्यालगत दिवस काढत होती, खोल्या मोकळ्या होण्याची वाट पाहत.

"पस्तीस, साहेब!" समोरचा किराणावाला निंबा म्हणाला. "सकाळी खाली करा, दुपारी नवं बिऱ्हाड."

वकिलाने आकडा टिपला. दिगंबर उसळला, "तुला कोणी विचारलं?"

"मी तुझ्यासारखा सासुरवाडी समजून ठाण मांडून नाही बसलो."

"सासुरवाडीच आहे ही!" दारातून दिगंबरची बायको निर्मला बोलली. "साहेब, माय मला लेक मानते. दर अखजीला चोळी देते. हुकुमानंतरही दिली. विचारा तिला."

वकिलाने लेखणी थांबवली. "बाई, विचार करून सांगा. लेक म्हणून वागवलं असेल, तर हे लोक जबरदस्तीनं राहिले असं मला लिहिता येणार नाही. तुमच्या मर्जीनं राहिले असं होईल. मग दर जुनाच."

"मावशी, नाही म्हणा," निंबा कुजबुजला. "कोणी पाहिलंय?"

सोजरबाईंनी पाहिले होते. निर्मला इच्छापूरची, आईबापाविना वाढलेली. अखजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, गल्लीतल्या लेकी माहेरी येऊन झोक्यावर गाणी म्हणत, आणि ही उंबऱ्याशी उभी राहून ऐकत असे. कज्जा तिच्या नवऱ्याशी होता, तिच्याशी नव्हता.

"दिली," त्या म्हणाल्या. "सणाला दारातली लेक रित्या हातानं जात नाही. माझ्या घरी तरी नाही."

निंबाने कपाळावर हात मारला. वकिलाने पस्तीसचा आकडा खोडला.

पुढे कोर्टानेही जुनाच दर कायम केला. सोजरबाईंनी शाहपुरास निरोप धाडला, इतक्यात येऊ नकोस. विमलचे उत्तर आले, आता सणालाही बोलावू नकोस. परत फिरताना पाय उचलत नाहीत.

वैशाखात अखजी आली. कडुनिंबाला झोके बांधले गेले. सोजरबाईंनी घागर पुजली, सांजोऱ्या तळल्या. दाराशी सावली पडली. निर्मला आत यायला धजत नव्हती.

"उंबऱ्यावर काय उभी राहतेस? लेकीची ही रीत नव्हे."

त्यांनी ट्रंक उघडली. आत एकच खण होता, हिरवा, विमलसाठी घेतलेला. तो त्यांनी निर्मलाच्या पदरात घातला.

निर्मलाचे डोळे भरले. "माय, त्या खोल्यांचं..."

"आज सण आहे. खोल्यांचं नाव काढू नकोस. खा."

निर्मलाने खाली मान घालून सांजोरी खाल्ली, वाकून पाया पडली, खण छातीशी धरून पुढच्या खोल्यांत गेली, आणि रोजच्यासारखी आतून कडी लावली.