जोसायाची टाच

टिबेट्सांच्या घरात एक वाक्य चार पिढ्या चालत आलं होतं: ‘आपण खिडकीशी जात नाही.’ कुणी सैन्यात निघालं, कुणी लग्न होऊन निघालं, की मागे राहणाऱ्याने हातातलं काम चालू ठेवायचं आणि मान वर करायची नाही. वर्ना एकोणिसाव्या वर्षी दोन बॅगा घेऊन बॉस्टनच्या बसला निघाली, तेव्हा तिचे वडील लायमन ओट्यापाशी टोस्टर उघडून बसले होते. टोस्टर बिघडलेला नव्हता. आता वर्ना चौसष्ट वर्षांची, वडील त्र्याण्णव वर्षांचे, आणि तो टोस्टर काही तिच्या मनातून गेला नव्हता.

वाक्याचं मूळ सगळ्यांना पाठ. लायमनचे आजोबा एल्डन सहा वर्षांचे असताना त्यांचे वडील लाकूडतोडीत ओंडक्याखाली सापडून गेले. आई हल्डा. हिवाळा तोंडावर आलेला, घरात बटाट्याचं अर्धं पोतं. ती मुलाला घेऊन टेकडीवर शेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या वस्तीत गेली. शेकरांकडे खायला होतं, ऊब होती, आणि कामाचं तर विचारूच नका. फक्त नाती खालीच सोडून यायची. लग्न नाही, नवरा-बायको नाही, आई-मूल नाही, सगळे भाऊबहीण. पोटच्या मुलाची माया म्हणजे देहाची ओढ, आणि ती ओढ म्हणजे पाप, असा सरळ हिशेब. एल्डन मुलग्यांच्या घरात गेले, हल्डा बायकांच्या. मध्ये चाळीस पावलांचं अंगण. बारा वर्षं दर रविवारी एकाच सभागृहात समोरासमोरच्या रांगांत दोघं नाचले, कारण त्यांची प्रार्थनाच नाचून व्हायची. पण आई मुलाशी एक शब्द बोलली नाही. अठराव्या वर्षी एल्डनना तिथे राहवेना. दोन जोड कपडे आणि हत्यारांची पेटी घेऊन ते निघाले. वाट इस्त्रीघराच्या खिडकीखालून जात होती आणि खिडकीत हल्डा इस्त्री करत उभी होती. तिने मान वर केली नाही.

एल्डन हे म्हातारपणापर्यंत सांगत राहिले. चुलीपाशी बसून, नातू लायमनला, तेच ते. लोक मागे जमीन ठेवून जातात, चांदीचे चमचे ठेवून जातात. यांनी ही खिडकी ठेवली.

वर्ना पोस्टातून निवृत्त झाली आणि हल्डाच्या मागे लागली. लायमनना त्याचं भारी हसू यायचं. “जन्मभर जिवंत माणसांची पत्रं पोचवलीस, आता मेलेल्यांची वाटत फिर,” असं प्रत्येक शनिवारी ऐकवायचे. शनिवारी ती त्यांच्या वृद्धाश्रमात शिजवलेले घेवडे आणि काकवीचा ब्राउन ब्रेड घेऊन जायची. मग वसंतात ते न्हाणीघरात पडले, डॉक्टरांनी हृदयाचंही काही बरं सांगितलं नाही, आणि त्यानंतरच्या शनिवारी घेवडे चिवडता चिवडता ते म्हणाले, “एवढं एक कळलं असतं तर बरं होतं. त्या बाईला काही वाटलं तरी होतं का, की नव्हतंच.”

वडिलांनी तिच्याकडे काही मागितलं असं हे पहिलंच. वर्नालाही ते हवंच होतं, पण तिचं कारण वेगळं. ही थंडी जर हल्डापासून रक्तातूनच आली असेल, तर लायमनचा दोष नव्हता. हल्डा तशी नसेल, तर मात्र आपला बाप आपणहून तसा वागला, आणि मग आपल्याला त्याचा राग धरावा लागेल. चौसष्टाव्या वर्षी नवा राग धरायची तिला मुळीच हौस नव्हती.

सुरुवातीला तिने सगळ्या नवख्यांसारखीच चूक केली. ती कबरस्तानात गेली. शेकरांच्या कबरस्तानात दगड एकच असतो. तीनशे माणसं खाली आणि वर सगळ्यांना मिळून एक दगड, त्यावर ‘शेकर’ एवढंच. मग ती नोंदवह्यांकडे वळली. या लोकांनी काय लिहून ठेवलं नव्हतं! कुठल्या मंगळवारी किती झाडू बांधले, कुठल्या गाईने कुणाला लाथ मारली, सफरचंदाची फोड वाळायला किती दिवस लागले. फक्त कोण कुणाची आई, ते कुठे नाही.

टेकडीवरच्या त्या गावात आता एकही शेकर उरलेला नाही. आता ते संग्रहालय आहे, आणि तिथले जुने कागद ग्वेन नावाची एक ठेंगणी बाई सांभाळते. दोन महिने तिने वर्नाला वह्या उपसू दिल्या आणि मग तिला राहवलं नाही.

“ताई, इथे आई कोण म्हणून शोधाल तर जन्म जाईल,” ती म्हणाली. “टोपली कुणाची ते शोधा.”

“कसली टोपली?”

“रफूची. दर बहिणीकडे एका भावाचे कपडे सोपवलेले असायचे. धुणं, शिवणं, मोज्यांना रफू. टोपलीवर त्याचा आकडा. सख्खं नातं असेल तर मात्र टोपली द्यायची नाही, हा नियम. म्हणजे तुमच्या हल्डाकडे मुलगा सोडून दुसरं कुणीतरी असणार.”

ते दुसरं कुणीतरी तासाभरात सापडलं. बारा नंबर, बंधू जोसाया, वय एकाहत्तर. एल्डनचा आकडा एकतीस, आणि ती टोपली भगिनी ऑलिव्हकडे. यातून पुढे काही निघेल असं वर्नाला वाटलं नाही, पण जोसाया मात्र गंमतीचा निघाला. १८८३च्या फेब्रुवारीत रोजच्या वहीत नोंद: ‘बंधू जोसाया म्हणतात, मोज्याचं रफू टाचेला टोचतं. भगिनी हल्डाला समज दिली.’ एप्रिलमध्ये पुन्हा टाच. पुढच्या हिवाळ्यात सात वेळा टाच. ‘भगिनी हल्डाला सर्वांसमोर समज दिली. ती काही बोलली नाही.’ चार वर्षं म्हातारा टाचेचं रडगाणं गातोय आणि चार वर्षं हल्डा खाली मान घालून ऐकून घेतेय.

“तुमची खापरपणजी सुईच्या बाबतीत अगदीच ढ होती हो,” ग्वेन म्हणाली.

“आमच्यात कुणालाच कसलं कौशल्य नाही,” वर्ना म्हणाली.

पण तिला ते खटकलं. कारण त्याच वहीत तीन वर्षं आधी लिहिलेलं होतं की बाहेर विकायच्या झग्यांचं बारीक काम भगिनी हल्डाकडे द्यावं, तिच्यासारखा टाका कुणाचा नाही. असा हात असलेली बाई म्हाताऱ्याची टाच का सोलून काढेल?

१८८६चा ऑक्टोबर आला. ‘एल्डन टि. जगात गेला. भगिनी हल्डा इस्त्रीला.’ जगात, म्हणजे पंथ सोडून बाहेर. एवढंच. पुढे भोपळ्यांच्या पिकाचा हिशेब. मग चार दिवसांनी: ‘भगिनी हल्डाला शिवणकामावरून काढून दूधघरात ठेवलं. एक वर्ष.’ का, ते नाही. वर्नाने बोट ठेवून ग्वेनला दाखवलं. ग्वेन आत गेली आणि एक छोटी, काळ्या कापडाची वही घेऊन आली. बायकांवर देखरेख करणाऱ्या ज्येष्ठ भगिनीची ती खाजगी वही होती. कुणी पाप कबूल केलं, की ती त्यात टिपून ठेवायची.

वर्नाने ती नोंद उभ्यानेच वाचली, मग बसून वाचली. तिला रडू आलं, आणि एका परक्या बाईसमोर रडू यावं याचा रागही आला. ग्वेनने तिच्याकडे न बघता पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

शनिवारी घेवडे घेऊन ती वडिलांकडे गेली. लायमन दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहायचे. खिडकी गाड्या लावायच्या जागेवर उघडत होती आणि त्यांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवलेली होती.

“मिळालं,” वर्ना म्हणाली.

“आधी जेवू दे.”

ते सावकाश जेवले. ब्रेडने ताट पुसलं. मग हात मांडीवर ठेवून म्हणाले, “हं. वाच.”

तिने आधी टोपल्यांचं सांगितलं, जोसायाच्या टाचेचं सांगितलं. त्यावर ते हसले. मग तिने कागद उघडून वाचला: “‘भगिनी हल्डाने आज मन मोकळं केलं. चार वर्षं तिने आणि ऑलिव्हने टोपल्या बदलून घेतल्या होत्या. बारा नंबर ऑलिव्ह करायची, एकतीस नंबर हल्डा. मी विचारलं, चार वर्षं लपवलंस, मग आजच का सांगतेस? म्हणाली, आता एकतीस नंबरची टोपलीच उरली नाही. मी विचारलं, पश्चात्ताप होतो का? तिने बराच वेळ विचार केला. म्हणाली, जोसायाच्या टाचेचा होतो.’”



“आणि खिडकीचं?” लायमननी विचारलं. “त्या दिवशी मान का वर केली नाही, ते?”

“त्याबद्दल अक्षर नाही, बाबा.”

“हं.” त्यांनी अंगठ्याने ताटाची कड पुसली. “आजोबांना हे ठाऊक नव्हतं.”

“नसणारच. त्यांना वाटलं असेल, ऑलिव्हच करते.”

“वाटलं असेल कसलं, वाटायचंच. त्या बाईचं केवढं कौतुक करायचे. म्हणायचे, त्या अख्ख्या टेकडीवर माझी काळजी असणारं एकच माणूस होतं, ती ऑलिव्ह. तिच्या हातचं रफू बोट फिरवलं तरी लागायचं नाही.” त्यांनी ताट बाजूला सारलं. “माझ्या आत्याचं नाव त्यांनी ऑलिव्ह ठेवलं. स्वतःच्या आईचं ठेवलं नाही.”

त्यांचा आवाज फाटला. वर्नाने तो आयुष्यात कधी फाटलेला ऐकला नव्हता, म्हणून तिने उगाचच डबे आवरायला घेतले. थोड्या वेळाने ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, “तो कागद इथेच ठेव. आणि घेवडे जरा अळणी होते.”

“पुढच्या वेळी तुम्हीच करा.”

“कर म्हणालीस तर करीन.”

ती निघाली. नेहमीसारखं त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. टोस्टर आणि वर्तमानपत्र, तिच्या मनात आलं. बापाचा राग धरायचा की नाही, हे तिचं अजून ठरलं नव्हतं. जिन्यावर तिने ठरवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

खाली वारा सुटला होता. ती गाडीत बसली, दार ओढलं, किल्ली फिरवली. तेवढ्यात वरून टकटक ऐकू आली. काचेवर काहीतरी कडक आपटतंय, थांबतंय, पुन्हा आपटतंय. तिने वर पाहिलं.

लायमन खिडकीत उभे होते. एका हाताने वॉकर धरलेला, दुसऱ्या हातात चमचा, आणि त्या चमच्याने ते काच बडवत होते. चेहरा नेहमीसारखाच वैतागलेला. चमचा खाली, तिच्या दाराकडे रोखून ते तोंडाने काहीतरी बोलत होते. ते ऐकू येत नव्हतं, पण काय असणार ते कळत होतं: डोळे आहेत की नाहीत, कोट अडकलाय.

तिच्या कोटाचं टोक खरंच दाराबाहेर लोंबत होतं. तिने दार उघडलं, कोट आत ओढून घेतला, दार नीट लावलं. मग पुन्हा वर पाहिलं. ते अजून तिथेच होते.