मालकीण घरी नाही

घर पाहावं बांधून, असं ज्याने म्हटलं त्याने ते भाड्याने देऊन पाहिलं नसावं. बांधायचं काय, आमचे हे ओझरच्या विमान कारखान्यात होते, त्यांनी कर्ज काढलं आणि नाशिकरोडजवळ जेलरोडला दोन खोल्या खाली, दोन वर अशा उठवल्या. भाडेकरू टिकवताना मात्र माझी पुरेवाट झाली. भाडेकरूंना विचाराल तर म्हणतील, आमची झाली.

हे गेल्यापासून खाली मी एकटीच. उन्हाळ्यात बाथरूममध्ये पाय घसरून पडले. हाका मारून मारून घसा बसला, तेव्हा कुठे शेजारच्या सावित्रीबाईंना ऐकू गेलं. वर तेव्हा कोणीच राहत नव्हतं. मुलगा अमोल पुण्याहून धावत आला आणि जाताना बजावून गेला, "दिवाळीपर्यंत वर चांगलं बिऱ्हाड आलं तर राहा इथे. नाहीतर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं."

त्याच्याकडे म्हणजे अकराव्या मजल्यावर. सून चांगली आहे, नातूही गोड आहे, पण तिथे भांडायला एक शेजारीण नाही. मला जायचं नव्हतं. या घराचं बांधकाम चालू होतं तेव्हा भिंतींना सकाळ-संध्याकाळ मी पाणी मारलंय. ते सोडून लिफ्टने वर-खाली करत बसायचं, या विचारानेच मला रडू यायचं.

माणसं बघायला येत होती. घर त्यांना आवडायचं, आणि मग मी बोलायचे. सातपूरच्या कंपनीतला एक मुलगा आला. रात्री किती वाजता येतोस, पितोस का, अजून लग्न का नाही केलंस, एवढंच विचारलं मी. तो फोन आल्यासारखं करून गेटबाहेर गेला तो गेलाच. एका जोडप्याने तर जिन्यातल्या पाट्या वाचूनच काढता पाय घेतला. 'चपला जिन्यात काढू नयेत', 'गेट लावून घ्यावे', 'पाणी जपून वापरावे'. सगळ्या माझ्या हातच्या. अक्षर चांगलं आहे माझं.

शेवटी एजंट गोरक्षने अमोलकडे माझी तक्रार केली. एका रविवारी अमोल आला. जिन्याला रंग दिला, मोठा दिवा लावला, गळके नळ बदलले, पाट्या काढून माळ्यावर टाकल्या. मग माझ्यासमोर येऊन बसला.

"आई, घराचं सगळं झालं. आता तुझंच राहिलं."

"मलाबी रंग देतो का काय?"

"बघायला माणसं आली की तू सावित्रीकाकूंकडे जाऊन बसायचं. हाताची घडी, तोंडावर बोट. करारावर सही होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."

स्वतःच्या घरातून स्वतःच्याच मुलाने असं उठवलं. राग आला, वाईटही वाटलं. पण अकरावा मजला डोळ्यांपुढे होता, म्हणून कबूल केलं.

पुढच्याच आठवड्यात गोरक्ष एका बाईला घेऊन आला. मी सावित्रीबाईंच्या ओट्यावर, मधल्या भिंतीला टेकून. सावित्रीबाईंनी आधीच बातमी काढून ठेवली होती. बाईचं नाव योगिनी. नवरा देवळाली कॅम्पला तोफखान्यात, आता बदली होऊन तिकडे सीमेवर चाललेला. क्वार्टर सोडायची, पण मुलीची शाळा नाशिकरोडला, म्हणून या बाजूला घर हवं. मुलगी बरोबर होती, वेदिका, सात-आठ वर्षांची.

गोरक्ष वरच्या गच्चीवर बोलत होता आणि मला अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. हवा, उजेड, शाळेची व्हॅन दारात. "आणि पाण्याचं प्रेशर बघा मॅडम," असं म्हणून खाली येऊन त्याने मोटार चालू केली आणि परत वर गेला. टाकी मी सकाळीच भरली होती. तोंडावर बोट ठेवलेल्या बाईने ते सांगायचं कसं?

"घर छान आहे," योगिनी म्हणाली. "खाली कोण असतं?"

"कोणी नाही! एकदम इंडिपेंडंट. मालकीणबाई आहेत, पण त्या मुलाकडे पुण्यालाच असतात. कुणाची कटकट नाही."

मेल्या! मी दोन्ही हातांनी ओटा घट्ट धरला. सावित्रीबाईंनी माझा पदर धरला.

मग योगिनी म्हणाली, "मग नको, दादा. हे तिकडे असणार. मी आणि एवढीशी पोरगी. एवढ्या घरात खाली कोणीच नसलं तर रात्री डोळा नाही लागायचा माझा."

तिघं जिना उतरू लागली. माझं पुणं पक्कं झालं. आणि तेवढ्यात गच्चीवरच्या टाकीतून पाणी बदाबदा अंगणात पडायला लागलं.

त्या बाईला थांबवायला मी ओरडले असं सांगायला मला आवडेल. पण खरं सांगते, मी पाण्यासाठी ओरडले.

"ए गोरक्षाऽ! मोटार बंद कर! पानी काय तुझ्या बापाचं हाय का रे? गल्ली धुतो का काय!"

गोरक्ष पळाला. योगिनीने टाचा उंचावून भिंतीवरून पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मी मालकीण!" करार, वचन, सगळं पाण्यात गेलं होतं. जित्याची खोड, दुसरं काय.

"तुम्ही पुण्याला असता ना?"

"कोण म्हनतं? मी इथंच असते. पुन्याला जायला लागू नये म्हनून तर इथं लपून बसले."

"रात्री कोणी गेट वाजवलं तर?"

"वाजवून तर बघू दे!"

वेदिका फिसकन हसली. योगिनी मात्र हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले ते मला भिंतीपलीकडूनही दिसले. माझा आवाज आपोआप खाली आला.

"हे बघ पोरी, आधीच सांगते. मी लय बोलते. उद्या म्हनशील, फसवलं."

"बोला ना काकू. मी पण कमी नाही. हिच्या बाबांना विचारा." मग ती गोरक्षकडे वळली. "दादा, घर परत दाखवा. आता नीट बघते."

दसऱ्याला ते बिऱ्हाड आलं. दिवाळीच्या तोंडावर अमोलचा फोन आला. बिऱ्हाड आलं ते ठीक, पण त्याच्या मनातून बाथरूम जात नव्हतं. "खोली तयार आहे, आई. वरच्यांना तू पडलेली तरी कळणार आहे का? लोकांना कुठे वेळ असतो?" मी इकडचं तिकडचं सांगत होते, आणि त्या नादात मोटार चालू आहे हे साफ विसरले.

"काकूऽऽ!" वरून आवाज आला. "टाकी वाहतेय! लक्ष कुठंय तुमचं? आणि ओल्या अंगणात येऊ नका, पाय घसरेल! मी येते!"

जिन्यात धाडधाड पावलं वाजली. हे गेल्यापासून माझ्यावर असं कोणी ओरडलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की फोन हातात धरून मी रडायलाच लागले.

"आई? कोण ओरडतंय तुझ्यावर?"

"आपली भाडेकरू."

अमोल म्हणाला, "बरं. आधी मोटार बंद कर."

पुण्याचं त्याने पुन्हा काढलं नाही.